अडीच आलं होतं

४ जून

बाईसाहेब,

मायना काय लिहावा यात दोन कागद फाटले, म्हणून शेवटी जुनंच लिहिलं. रागावू नकोस. पत्ता तुझ्या धाकट्या बहिणीकडून घेतला. तिने तीनदा विचारून घेतलं, "भाऊजी, नक्की पत्रच ना? दारात जाऊन उभे नाही ना राहणार?" म्हटलं, पत्रच. इतक्या वर्षांनी घटस्फोटित नवरा दारात उभा राहिला तर समोरच्या माणसाने करायचं तरी काय?

काम आहे म्हणून लिहितोय. सप्टेंबरअखेर मी निवृत्त होतो. तळघरातली आपली खोली अजून तशीच आहे. उपकरणावर कापड टाकलेलं आहे आणि त्यावर मी 'हात लावू नये' अशी चिठ्ठी डकवलेली आहे. पण सध्या इथे एक संशोधक मुलगी आहे आणि तिने नेमका आपला विषय उचललाय. विरळ क्रिप्टॉन, तापवलेला. त्याचा चिकटपणा ती केशनळीतून वायू सोडून मोजते. तिचं उत्तर आपल्यापेक्षा शेकडा तीनने कमी येतं. तिच्या प्रबंधाचा परीक्षक मी. दोनदा मी तिला परत पाठवलं. तिसऱ्यांदा आली तेव्हा म्हणाली, "सर, माझं चुकत नाहीये." मी म्हणालो, "मग माझं चुकतंय का?" त्यावर तिने वही मिटली. पण मान खाली घातली नाही.

मी तिला काय सांगितलं ते तुला लिहितो. तुला हे सांगणं आगाऊपणाचं आहे, पण कारखान्यात बाटल्या तपासता तपासता विसरली असलीस तर आठवेल. म्हटलं, हे बघ पोरी, आमचा आकडा दोन पायांवर उभा आहे. दोन पट्ट्यांच्या मध्ये तारेला टांगलेली चकती झुलवायची आणि वायू तिला किती लवकर थांबवतो ते बघायचं. तो चिकटपणा मी मोजला. माझ्या सहकारी बाईंनी (असंच म्हणालो) दुसऱ्या खोलीत, दुसऱ्या नळीत, बारीक तार तापवून वायू उष्णता किती वाहून नेतो ते मोजलं. एकट्या अणूंचा विरळ वायू असला की या दोघांचं, विशिष्ट उष्णता हिशेबात धरून, एक गुणोत्तर ठरलेलं असतं. अडीच. ते कुणाच्या बापाला बदलता येत नाही. आणि आमचं अडीच आलं होतं. दोन माणसं दोन वेगळ्या रीतींनी मोजून एकाच बाजूला सारखीच चुकतील का?

तुझी त्या वेळची कच्ची वही हवी आहे. छापलेले आकडे नकोत, मूळ वही. ती एकदा त्या मुलीसमोर ठेवली की वाद मिटला.

तब्येत बरी असेल. माझी बरी आहे, गुडघे सोडून.

मास्तर

१७ जून

मास्तर,

तुमचं पत्र, चुकले, तुझं पत्र मिळालं. लिहिताना पेन आपोआप 'तुम्ही'वर गेलं. तुझं अक्षर अजून तसंच आहे, कोळ्याने शाईत पाय बुडवल्यासारखं.

वही नाही माझ्याकडे. दोन घरं बदलली, एका घरात पाणी शिरलं. त्यात जे गेलं त्यात तीही गेली असणार.

मी अजून त्याच कारखान्यात आहे. दुहेरी काचेच्या बाटल्या करतो आम्ही, लशी गार ठेवायच्या. दोन काचांमधली हवा काढायची आणि तोंड वितळवून बंद करायचं, एवढंच आमचं शास्त्र. नवीन आलेल्या पोरांना पहिल्या दिवशी मी एकच गोष्ट सांगते. निम्मी हवा काढली म्हणून बाटली निम्मी चांगली होत नाही. निम्मी काढा नाहीतर नव्वद टक्के काढा, उष्णता आधीइतकीच निसटते. हवा जवळजवळ संपेपर्यंत उपसत राहिलं, तरच फरक पडायला लागतो. पोरं तोंड वाकडं करतात. मग मी त्यांच्यासमोर दोन बाटल्यांत चहा ओतते आणि तासाभराने प्यायला देते. म्हणजे काय, मी अजून तेच शिकवते. विसरले नाहीये.

एक सांगू? आता हे उकरू नकोस. तीन टक्क्यांनी काही जग बुडत नाही. त्या मुलीला सही दे, तिचं भलं होऊ दे, आणि तूही घरी जा. गुडघ्यांना गरम पाण्याने शेक.

बहिणीला पत्ता दिल्याबद्दल मी रागावले नाही असं सांग. थोडी रागावले आहे, पण ते मी तिला सांगेन.

बाई

२८ जून

बाईसाहेब,

सही कशी देऊ? तिचा आकडा बरोबर असेल तर माझा चूक आहे. माझा बरोबर असेल तर तिचा प्रबंध चूक आहे. दोन्हींवर सही करायला मी काय कारकून आहे?

पण तुझ्या पत्रामागचं मला कळलं. वही हरवली हे खोटं आहे. तू भाजीची यादीसुद्धा फेकत नाहीस. वही द्यायची नाही कारण मला काही द्यायचं नाही. बरोबर आहे तुझं. एकोणीस वर्षं जे तुझ्यासमोर बोलायला जीभ रेटली नाही, ते आता कागदावर लिहितो. वाचवत नसेल तर इथेच फाडून टाक.

त्या दिवशी मी फोनचा रिसीव्हर काढून बाजूला ठेवला होता. घंटा वाजली की टेबल थरथरतं आणि चकतीचं झुलणं बिघडतं, म्हणून मोजमाप चालू असताना मी नेहमीच काढून ठेवायचो. तुला माहीत होतं. पण आपली ढब्बू इस्पितळात असताना काढायला नको होता. डॉक्टर म्हणाले होते ताप उतरतोय, न्यूमोनिया आटोक्यात आहे. मी धरून चाललो. वीस मिनिटांचं मोजमाप होतं. शेजारचे काका स्कूटरवरून आले, दार ढकललं आणि म्हणाले, "चल." मी हात वर करून त्यांना थांबवलं. बोटांनी दाखवलं, सहा झोके राहिलेत. मी त्यांना थांबवलं, समजतंय का तुला? मग त्यांचा चेहरा पाहिला आणि असा उठलो की टेबलाला धक्का बसून चकतीची तार तुटली.

इस्पितळाच्या व्हरांड्यात तू सगळ्यांसमोर म्हणालीस, "मी फोन फिरवत राहिले आणि तू रिसीव्हर काढून ठेवलास." त्यानंतर तू माझ्याशी भांडलीसुद्धा नाहीस. वर्षभर नीट वागलीस, जेवायला वाढलंस, आणि मग एक दिवस बॅग भरलीस. मी कारण विचारलं नाही. कारण मला माहीत होतं.

दोन किलोचं पोर आणि नाव ठेवलं ढब्बू. सहा वर्षांची होऊन गेली तरी कुठे भरली अंगाने. "बाबा, वारा पण चिकट असतो?" म्हणून विचारायची आणि हवेत हात फिरवून फ्रॉकला पुसायची.

एक विचारतो. कधी धीर झाला नाही. तू फोन फिरवत होतीस तेव्हा तिने मला हाक मारली का? काय म्हणाली?

ती संशोधक मुलगी काल माझ्या खोलीत रडली. "तीन वर्षं झाली सर. घरचे म्हणतात सोडून दे, नोकरी बघ. तुम्ही फक्त सांगा कुठे चुकतंय, मी सुधारते." म्हणालो, "पुन्हा कर." सव्वीस वर्षांची आहे.

मास्तर

९ जुलै

मास्तर,

तुझं पत्र चार दिवस पर्समध्ये घेऊन फिरले. लिहायला बसायचे आणि उठायचे. पण त्या मुलीला तू पुन्हा 'पुन्हा कर' म्हणालास हे वाचलं आणि आता माझ्याच्याने गप्प बसवत नाही. तिचं काहीही चुकत नाहीये. तिला आजच सांग.

वही माझ्याकडे आहे. सोबत रजिस्टर्ड पोस्टाने पाठवते आहे. पान एकसष्ट बघ. तिथे माझे खरे आकडे आहेत. त्यावरून गुणोत्तर काढलंस तर अडीच येणार नाही. दोन पूर्णांक त्रेचाळीस येईल. पान बासष्टवर जे आहेत ते मी बनवलेले. तारेच्या टोकांतून जी उष्णता निसटते ती वजा करायची असते. ती मी कमी वजा केली. मुद्दाम. अडीच येईपर्यंत कमी करत गेले.

का ते सांगते.

सगळं आटोपल्यावर चौथ्या दिवशी तू न सांगता प्रयोगशाळेत गेलास. दुपार टळली तरी आला नाहीस म्हणून मी डबा घेऊन आले. दाराच्या काचेतून पाहिलं. तू नवी तार लावून उपकरण पुन्हा जुळवत होतास. शर्ट उलटा घातलेला, शिवण बाहेर. पट्ट्यांमधलं अंतर राखणाऱ्या त्या काचेच्या चकल्या समोर ठेवल्या होत्यास आणि हातात मायक्रोमीटर. तू तो डोळ्यांजवळ नेत होतास, खाली ठेवत होतास, बाही डोळ्यांवरून फिरवत होतास, पुन्हा उचलत होतास. मी दार उघडलं नाही. डबा पायरीवर ठेवून निघून आले. त्या दिवशीचं मोजमाप बरोबर असणं शक्य नाही, हे मला तेव्हाच कळलं होतं. तुला थांबवायला हवं होतं. पण त्या खोलीत तू निदान काहीतरी करत होतास. घरात तर तू भिंतीकडे तोंड करून पडायचास.

पाच महिन्यांनी तू पेन्सिल घेऊन माझ्या टेबलाशी आलास. "तुझा किती आला?" माझा आला होता. तुझ्या आकड्याने भागून पाहिलं होतं. मी म्हणाले, "उद्या सांगते." दुसऱ्या दिवशी बासष्टवं पान सांगितलं. तू तिथल्या तिथे भागाकार केलास, आणि हसलास. तिच्यानंतर पहिल्यांदा. त्या रात्री तू दोन वेळा वाढून घेतलंस आणि सकाळपर्यंत झोपलास. मी न्हाणीघरात नळ सोडून बसले होते.

मी व्हरांड्यातल्या त्या गोष्टीसाठी घर सोडलं नाही. त्या दिवशी प्रयोगशाळेत जा म्हणून मीच तुला पिटाळलं होतं, आठवतं? "इथे बसून नुसता पंखा काय बघतोस, तुझ्या चकतीकडे जा." मी सोडलं ते या अडीचमुळे. कुणी पाहुणा आला की तू सांगायचास, "आमचं अडीच आलं, बाईंनी स्वतंत्र मोजलेलं." आणि मी चहा आणायला उठायचे. तुला खरं सांगून पुन्हा भिंतीकडे वळवायचं की रोज तुझ्यासमोर बसून ते ऐकायचं? मला दोन्ही जमेना.

वही मिळाली की कळव.

बाई

२ ऑगस्ट

मास्तर,

पोस्टाची पोचपावती आली, तिच्यावर सही तुझीच आहे. त्याला आता वीस दिवस होतील. शिव्या दे, पण लिही. बहिणीला फोन केला तर ती म्हणते, भाऊजी फोन उचलत नाहीत. उद्यापर्यंत काही कळलं नाही तर मी शेजारच्या काकांच्या मुलाला तुझ्याकडे पाठवणार आहे.

बाई

२० ऑगस्ट

बाईसाहेब,

काकांचा मुलगा येऊन गेला. दार उघडल्यावर म्हणाला, "तुम्ही आहात ना, बस्स, एवढंच बघायला सांगितलंय," आणि चहासुद्धा न घेता गेला. आहे मी.

वही मिळाली त्या दिवशी संध्याकाळपर्यंत उघडली नाही. मग पान एकसष्ट पाहिलं. तुझं अक्षर बघून सगळं आठवलं. दुसऱ्या दिवशी त्या मुलीला तळघरात बोलावलं आणि चिठ्ठी काढली. तिने विचारलं, "उघडायचं सर? नक्की?" आम्ही दोघांनी मिळून उपकरण खोललं. चकल्या बाहेर काढल्या. तिने प्रत्येकीचं दहादा मोजमाप घेतलं, मी लिहीत गेलो. मग मी माझी जुनी वही तिच्या हातात दिली.

तिने बोट ठेवून ओळी खालपर्यंत वाचल्या. म्हणाली, "सर, हे दहाच्या दहा आकडे सारखे आहेत."

"हो."

"शेवटचा आकडासुद्धा."

"हो."

"असं होत नाही, सर."

"नाही होत," मी म्हणालो.

दहा वेळा मोजलं की शेवटचा आकडा थोडा तरी हलतोच. पोरांना हे शिकवून शिकवून माझा घसा बसला. त्या दिवशी मी एकदाच मोजलं होतं. डोळ्यांना नीट दिसत नव्हतं. दिसला तो आकडा लिहिला, दोन मिलिमीटर, आणि खाली नऊ वेळा तोच उतरवला. खरं अंतर आहे एक पूर्णांक चौऱ्याण्णव. तीन टक्के. ती मुलगी जे म्हणत होती नेमकं तेच.

मला आठवत नव्हतं असं लिहिलं असतं तर तू विश्वास ठेवला असतास. पण मला माहीत होतं. नवीन जुळवणी केली की ओळखीचा एखादा वायू लावून तपासायचं असतं. नायट्रोजनची टाकी कोपऱ्यातच होती, चाळीस मिनिटांचं काम. मी केलं नाही. एकोणीस वर्षं त्याच्यावर कापड घातलं आणि चिठ्ठी लावली.

आणि तुझा आकडा आला तेव्हा मी का हसलो, ते ऐक. मला वाटलं, ती एकदाच घेतलेली नोंद बरोबर निघाली. म्हणजे त्या दिवशी माझ्या हातून एक तरी गोष्ट नीट झाली. तू दुसऱ्या खोलीत बसून, काही माहीत नसताना, मला सोडवलंस असं वाटलं. मी ज्याला सुटका समजत होतो तेच तुला घराबाहेर काढत होतं. इतकी वर्षं एका ताटात जेवलो आणि हे कळलं नाही. मोजमाप करणारा माणूस मी!

मी एकदा मोजून दहादा लिहिलं हे तुला कळलं असतं तर तू एकसष्टवं पान पुढे केलं असतंस. तू पुढे केलं असतंस तर मी उपकरण खोललं असतं. दोन दिवसांचं काम होतं. आता ते बोलून काय होणार.

त्या मुलीच्या प्रबंधावर सही केली. ती पाया पडायला वाकली, मी मागे सरकलो. म्हटलं, मी तुझी दोन वर्षं खाल्ली आहेत, माझ्या पाया कसली पडतेस. नियतकालिकाला लिहिलं आहे की माझे आकडे चुकीचे होते आणि लेख मागे घेतोय. फक्त माझं नाव घातलंय. संचालक म्हणाले, "निरोप समारंभ होऊ द्या, मग पाठवा. त्याच लेखाची तसबीर करून तुम्हाला द्यायचं ठरलंय." म्हटलं, तसबिरीची काच तरी काढून ठेवा, प्रयोगशाळेत कामाला येईल. त्यांना हसू आलं नाही. समारंभ होईलसं दिसत नाही. नको होताच मला.

तू मला एका प्रश्नाचं उत्तर दिलं नाहीस. पुन्हा विचारत नाही.

मास्तर

१ सप्टेंबर

मास्तर,

लेख मागे घ्यायच्या पत्रात माझंही नाव घाल. तू चुकलास, मी खोटं केलं. माझं जास्त वाईट. सोबत माझ्या सहीचा कागद पाठवते, त्यात पान बासष्टचं सगळं लिहिलंय. कारखान्यात साहेबांना मी स्वतः सांगितलं. म्हणाले, "बाई, तुमच्या बाटल्या तर गळत नाहीत ना?" म्हटलं नाही. म्हणाले, "मग जा कामाला." त्यांनी माफ केलं की त्यांना काही कळलंच नाही, कोण जाणे. त्या संध्याकाळी मी मागची सगळी तपासणीपत्रकं काढून पुन्हा वाचली. माझीच माझ्यावर भिस्त उरली नाही.

तू विचारणार नाहीस म्हणतोस. मी सांगते. हे मी कुणालाच सांगितलेलं नाही, बहिणीलासुद्धा नाही.

तिने तुला हाक मारली की नाही ते मला माहीत नाही. मी तिथे नव्हते.

चार दिवस मी तिच्या उशाशी बसून होते. त्या दिवशी दुपारी ती झोपली होती. श्वास शांत वाटत होता, कपाळ गार लागत होतं, मला वाटलं ताप उतरला. नर्स म्हणाली, "बाई, तुम्ही खाली जाऊन चहा घ्या, मी आहे." मी खाली उपाहारगृहात गेले. चहा घेतला. बाहेर ऊन होतं. चार दिवसांत पहिल्यांदा पाठ टेकली होती. म्हणून दुसरा कप मागवला. दुसरा कप नसता मागवला तर मी वेळेवर वर आले असते. मी हिशेब केलाय. तूच शिकवलंस ना, झोके मोजायला.

वर आले तेव्हा नर्स तिच्या पायात मोजा चढवत होती. एक चढवला होता, दुसरा हातात होता. म्हणाली, "आत्ताच. पाय गार पडले म्हणून मोजे घालत होते." झोपेतच गेली म्हणाली. डोळे उघडले नाहीत.

त्यानंतर मी तुला फोन फिरवायला लागले. त्यानंतर. तू पहिल्या घंटेला उचलला असतास तरी काही उपयोग नव्हता. ती गेलेली होती. तू आला असतास आणि तुला तेच दिसलं असतं जे दिसलं.

व्हरांड्यात सगळे विचारत होते, कसं झालं, तू जवळ होतीस ना? तेवढ्यात तू जिन्यावरून आलास. आणि माझ्या तोंडून ते निघालं. फोनचं. मग सगळे तुझ्याकडे बघायला लागले, माझ्याकडे कुणी बघेना. मला वाटलं उद्या सांगेन. उद्या तू भिंतीकडे तोंड केलंस. रोज वाटायचं सांगेन. तुझा रिसीव्हर मी तुझ्या गळ्यात बांधला आणि एकोणीस वर्षं काढला नाही. तो अडीचचा आकडा मी तुझ्यावरच्या मायेने दिला असं मला वाटायचं. खरं बघितलं तर ती भरपाई होती. तुझ्यापासून एक लपवलं होतं, म्हणून दुसरं दिलं.

तू शांतपणे सहन केलंस तेच मला सोसवत नव्हतं. तू एकदा जरी ओरडून म्हणाला असतास, "तू कुठे होतीस?" तर मी सांगून टाकलं असतं.

आता काय लिहू? क्षमा माग असं तू म्हणणार नाहीस आणि मागितली तरी ती कुठल्या मापाने घालायची. यापुढे तू लिहिलं नाहीस तर मी समजेन. या वेळी काकांच्या मुलाला पाठवणार नाही.

ढब्बूची आई

१४ सप्टेंबर

बाईसाहेब,

पत्र मिळालं त्या दिवशी तुझा इतका राग आला की पायातली वहाण फेकली भिंतीवर. पासष्टीकडे झुकलेला माणूस, घरात एकटा, आणि वहाणा फेकतोय. दोन दिवस मी तुला मनातल्या मनात नाही ते बोललो. ते इथे लिहीत नाही. तुला अंदाज असेल.

तिसऱ्या दिवशी इस्पितळात गेलो. मुलांचा तो विभाग आता दुसऱ्या इमारतीत आहे. खाली उपाहारगृह मात्र तिथेच आहे. चहा मागवला. तू कुठल्या खुर्चीवर बसली असशील ते बघत होतो. उन्हाकडे तोंड करून बसता येईल अशी एकच जागा आहे, खांबाजवळची. तिथे बसलो. तिथून वरचा जिना दिसत नाही. तुला दिसलाच नसता. हे तुला माहीत असावं म्हणून लिहितो.

मग मी दुसरा कप मागवला. पिववला नाही.

दोन्ही सह्यांचं पत्र नियतकालिकाला गेलं. खाली तुझं नाव आणि माझं. किती वर्षांनी.

मी परत एकत्र राहू वगैरे म्हणत नाहीये. त्या वयाचे आपण राहिलो नाही, आणि मला ते जमणारही नाही. पण ती गेली तेव्हा जवळ असलेलं एकच माणूस होतं, आणि त्या माणसाबद्दल मला काहीच माहीत नाही. ती नर्स कशी होती? वयस्क होती का तरुण? हाताला धरून होती की नुसता मोजा घालत होती? मोजे कुठले होते, तू विणलेले पिवळे की दुकानातले? तू सांगशील तेवढं मला पुरेल. पण पत्रात नको. समोर बसून सांग. तू रडलीस तर मी उठून जाणार नाही, आणि मी रडलो तर तू चहा आणायला उठू नकोस.

तुझ्या बहिणीला सांग की भाऊजी या वेळी दारात उभे राहणार आहेत. रविवारी, दहाच्या गाडीने.

येतो.